पासवर्ड फायलीत, पण कोणत्या रूपात?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत: नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवणारा रेडियस सर्व्हर, आणि त्याला पासवर्ड कुठल्या फायलीतून वाचायला लावायचे. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे, बाकीची पत्रं पुढच्या वेळी घेईन. आज्ञा आणि फायलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीतच टाकायची.

प्रश्न: ताई, गिरगावात आमचं वाचनालय आणि वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातपासून येऊन बसतात. वाय-फायचा एकच पासवर्ड फळ्यावर लिहिलेला असायचा. तो हळूहळू समोरच्या चाळीत सगळ्यांना माहीत झाला आणि मुलांना नेट पुरेना. कार्यकारिणीने ठरवलं की प्रत्येक सभासदाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्यायचा. एका जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकून मी फ्रीरेडियस (मोफत मिळणारा रेडियस सर्व्हर) बसवला. त्याच यंत्रावर सभासदांची लिनक्स खाती आधीच होती, म्हणून पासवर्ड तिथूनच घेतले. रॅडटेस्ट या त्याच्या आज्ञेने चाचणी केली की ॲक्सेस-ॲक्सेप्ट, म्हणजे होकार, येतो. फोनवरून तोच पासवर्ड टाकला की नकार. कुठे चुकतंय? – वाचनालयाचे कार्यवाह, गिरगाव

तुमच्या सेटिंगमध्ये काही चुकलेलं नाही. तुम्ही निवडलेली फाईल आणि फोन वापरतो ती पद्धत, या दोघांचं जमणारंच नाही.

रॅडटेस्टला वेगळं काही सांगितलं नाही तर ती पॅप पद्धतीने विचारते. पॅपमध्ये टाकलेला पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोहोचतो. वाटेत तो ‘सीक्रेट’च्या, म्हणजे सर्व्हर आणि ॲक्सेस पॉइंट (वाय-फायची पेटी) यांनाच ठाऊक असलेल्या गुप्त शब्दाच्या, मदतीने झाकलेला असतो, पण सर्व्हर ते झाकण काढतो आणि मूळ शब्द त्याच्या हाती येतो. त्या शब्दाचा हॅश (उलटा न फिरवता येणारा ठसा) काढायचा आणि शॅडो फायलीतल्या, म्हणजे लिनक्स खात्यांचे हॅश ठेवणाऱ्या फायलीतल्या, हॅशशी ताडून पाहायचा, एवढंच त्याचं काम उरतं. म्हणून चाचणी पास झाली.

फोन मात्र बहुतेक वेळा पीप पद्धतीने बोलतो आणि त्याच्या आत एमएस-चॅप आवृत्ती दोन चालते. यात पासवर्ड फोनबाहेर पडतच नाही. सर्व्हर एक यादृच्छिक आकडा पाठवतो, फोन पासवर्डाच्या एनटी-हॅशवरून (विंडोजच्या पद्धतीचा हॅश) त्याचं उत्तर तयार करतो, आणि सर्व्हरने तेच उत्तर आपल्या बाजूने काढून दोन्ही जुळवून पाहायची असतात. ते काढायला सर्व्हरजवळ एक तर मूळ पासवर्ड हवा, नाहीतर त्याचा एनटी-हॅश. तुमच्या शॅडो फायलीत यातलं काहीच नाही. तिथली एखादी ओळ उघडून पाहा. नावानंतर डॉलर-सहा-डॉलर दिसलं तर तो एसएचए-५१२ वर आधारलेला हॅश आहे, डॉलर-वाय-डॉलर दिसलं तर येसक्रिप्ट. दोन्ही सॉल्ट, म्हणजे दर पासवर्डाला वेगळा यादृच्छिक तुकडा, मिसळून काढलेले. दळलेल्या पिठातून गहू परत निघत नाहीत. तसा त्यांच्यातून मूळ शब्दही निघत नाही आणि एनटी-हॅशही नाही. कोणतीही सेटिंग फिरवून हे बदलणार नाही, म्हणून त्यात आणखी रात्री घालवू नका.

खात्री करायची असेल तर सेवा थांबवा आणि सर्व्हर हाताने चालवा: उबुंटूवर ‘सुडो फ्रीरेडियस -एक्स’, त्यातला एक्स मोठ्या लिपीतला. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर याच प्रोग्रामचं नाव रेडियसडी आहे. आता फोनवरून लॉगिन करा आणि पडद्यावर धावणाऱ्या ओळी शांतपणे वाचा. हाच डीबगचा पडदा. एमएस-चॅपच्या ओळीत एनटी-पासवर्ड सापडला नाही, ओळख पटवता येत नाही, अशा अर्थाचं वाक्य येईल. मला पत्र लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हा पडदा पाहिलेलाच नसतो. फ्रीरेडियसच्या बाबतीत अंदाज बांधत बसू नये. तो काय वाचतो, कुठे थांबतो आणि का नाकारतो हे सगळं तो स्वतः सांगतो.

आता मार्ग. एक असा की हॅश आहेत तसेच ठेवायचे आणि फोनलाच दुसऱ्या पद्धतीने बोलायला लावायचं: टीटीएलएस, आणि आत पॅप. बाहेर टीएलएसचा, म्हणजे सांकेतिक केलेला, बोगदा असतो, त्यातून मूळ पासवर्ड सर्व्हरपर्यंत येतो, म्हणून कुठल्याही प्रकारचा हॅश चालतो. अँड्रॉइडवर ही पद्धत हाताने निवडता येते, विंडोजमध्ये ती आठव्या आवृत्तीपासून आहे. आयफोनला मात्र त्यासाठी प्रोफाइल बनवून द्यावी लागते. ज्या संस्थेत सगळी उपकरणं संस्थेचीच असतात तिथे मी हाच मार्ग घेते. तुमच्याकडे रोज नवा फोन येणार, आणि प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये कुणी बसून सेटिंग करायची? काउंटरवरच्या माणसाचा दिवस त्यातच जाईल.

दुसरा मार्ग तुमच्यासाठी बरा. वाय-फायचे पासवर्ड लिनक्स खात्यांपासून पूर्ण वेगळे करा आणि स्वतंत्र फायलीत ठेवा. तसंही सभासदाला नेट द्यायचं म्हणून त्याचं सर्व्हरवर खातं असावं हे मला पटत नाही. अशा खात्यावरून कुणी थेट त्या यंत्रात शिरू शकतो, आणि पासवर्ड तर तो रोज फोनमध्ये टाकतोय.

ही फाईल फ्रीरेडियससोबत आयतीच येते. जुन्या आवृत्त्यांत तिचं नाव ‘युजर्स’ होतं. आवृत्ती तीनमध्ये ती इटीसी/फ्रीरेडियस/३.० या फोल्डरखाली मॉड्स-कॉन्फिगमधल्या ‘फाइल्स’ फोल्डरात ‘ऑथराइज’ नावाने बसते. ओळीच्या अगदी सुरुवातीला सभासदाचं नाव, मग जागा सोडून ‘क्लिअरटेक्स्ट-पासवर्ड’, त्यापुढे अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह एकमेकांना चिकटून (:=), आणि मग अवतरणचिन्हांत पासवर्ड. मूळ शब्द ठेवायचा नसेल तर ‘क्लिअरटेक्स्ट-पासवर्ड’च्या जागी ‘एनटी-पासवर्ड’ लिहा आणि हॅश द्या. तो काढून देणारी ‘एसएमबीएनक्रिप्ट’ ही छोटी आज्ञा फ्रीरेडियसच्या सोबतच्या साधनांत असते. त्या सभासदाला परत काही पाठवायचं असेल तर ते पुढच्या ओळींवर, टॅब देऊन, एकेक करून. प्रत्येकानंतर स्वल्पविराम, फक्त शेवटच्यानंतर नाही. सर्व्हर सुरूच होत नाही अशी तक्रार आली की मी आधी हे स्वल्पविराम तपासते.

अभ्यासिकेला उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी याच पहिल्या ओळीत स्वल्पविराम देऊन जोडता येतात. ‘एक्स्पिरेशन’मध्ये वर्गणी संपण्याची तारीख घातली की त्या दिवसानंतर सभासदाचं लॉगिन आपोआप बंद होतं, काउंटरवर कुणाशी वाद घालावा लागत नाही. ‘लॉगिन-टाइम’मध्ये ‘एएल०७००-२१००’ असं लिहिलं तर रोज सकाळी सात ते रात्री नऊ एवढ्याच वेळात प्रवेश मिळतो. हे आकडे यंत्रावर रोमन लिपीतलेच हवेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एनटी-हॅश ठेवला म्हणजे पासवर्ड सुरक्षित झाले असं समजू नका. तो एमडी-फोरने काढलेला असतो आणि त्यात सॉल्ट नसतं. शिवाय एमएस-चॅपला मूळ शब्दाची गरजच पडत नाही, हॅश हाती आला की ज्याच्या हाती आला त्याला तेवढा पुरतो. हॅशमुळे एवढंच होतं की फाईल उघडणाऱ्याला सहज नजर टाकून कुणाचा पासवर्ड वाचता येत नाही. खरी सुरक्षितता दुसरीकडे आहे: पासवर्ड सभासदाला निवडू देऊ नका, तुम्ही द्या. निवडायला सांगितलं की मुलगा आपला जीमेलचा किंवा बँकेचा पासवर्डच टाकतो, आणि मग तुमची फाईल कधी फुटली तर त्याचं वाचनालयाबाहेरचं आयुष्य उघडं पडतं. पीडब्ल्यूजेनसारख्या साधनाने बारा अक्षरी पासवर्ड काढा, सगळी छोटी अक्षरं, एल आणि ओ सारखी गोंधळ घालणारी वगळून, आणि सभासदपत्राच्या मागे छापून द्या. फाईल गेलीच तर वाय-फाय जाईल, त्यापलीकडे कुणाचं काही जाणार नाही. छोट्या संस्थेने साध्या फायलीत पासवर्ड ठेवायला मी कधी नाही म्हणत नाही, पण या एका अटीवर.

सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे सर्व्हर फोनला आपली ओळख पटवतो त्या दाखल्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. फ्रीरेडियसच्या चाचणीच्या सर्टिफिकेटांची मुदत ६० दिवसांची असते, आणि ती संपली की एका सकाळी सगळ्यांचेच फोन बाहेर. सर्ट्स फोल्डरातल्या फायलींमध्ये मुदत आणि संस्थेचं नाव बदलून स्वतःचं सर्टिफिकेट बनवा आणि त्याचं मूळ, म्हणजे सीए फाईल, सभासदाच्या फोनमध्ये घालायला लावा. ‘तपासू नका’ हा पर्याय फोनवर दिसला तरी तो कुणाला निवडायला सांगू नका. चर्नी रोड स्टेशनबाहेर उभं राहून तुमच्याच नावाचं वाय-फाय सुरू करणाऱ्याला न तपासणारा फोन मुकाट्याने आपलं एमएस-चॅपचं उत्तर देऊन टाकेल. २०१२ मध्ये डेफकॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं की त्या उत्तराचं कुलूप शेवटी डीईएस या जुन्या कूटपद्धतीच्या एका किल्लीएवढंच असतं, म्हणजे ५६ बिटांचं. हे सगळं बाहेरच्या टीएलएस बोगद्याच्या भरवशावर चालतं, आणि बोगदा कुणाचा आहे हे फोनला सर्टिफिकेटवरूनच कळतं.

प्रश्न: मी मुलुंडच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. ऑफिस दरवर्षी विद्यार्थ्यांची एक्सेल फाईल देतं. मी ती अपूर्णविरामांनी तोडलेल्या साध्या फायलीत बदलून फ्रीरेडियसच्या ‘पासडब्ल्यूडी’ मॉड्यूलला दिली. तीन अडचणी आहेत. नवीन नाव घातलं तरी ते चालत नाही. काही मुलांचं लॉगिन कधीच होत नाही, पासवर्ड बरोबर असूनही. आणि शिक्षकांना वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) टाकायचं आहे, ते होत नाही. – एक वाचक, मुलुंड पूर्व

हे मॉड्यूल निवडलंत याचा आनंद आहे. ते फार कमी लोक वापरतात, आणि ऑफिसकडून यादी येते अशा ठिकाणी ते फार सोयीचं पडतं. ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फायलीच्या प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी तोडलेले रकाने असतात, आणि कोणता रकाना कशाचा हे मॉड्यूलच्या ‘फॉरमॅट’मध्ये लिहायचं. ज्या रकान्याने ओळ शोधायची त्याच्या आधी तारका. आधी बरोबरचं चिन्ह लावलेला रकाना उत्तरासोबत ॲक्सेस पॉइंटकडे जातो. नको असलेला रकाना रिकामा सोडायचा. सांबाची (लिनक्सवरून विंडोजला फायली देणाऱ्या प्रोग्रामची) पासवर्ड फाईलही याच मॉड्यूलने वाचता येते, त्याचा नमुना मॉड्स-अव्हेलेबल फोल्डरात तयार असतो, आणि त्या फायलीत एनटी-हॅश असल्यामुळे ती पीपबरोबरही चालते.

पहिली अडचण ‘हॅश-साइझ’ची. तिथे शून्याहून मोठा आकडा असेल तर सर्व्हर सुरू होताना फाईल एकदाच वाचतो आणि स्मरणात ठेवतो. नंतर घातलेली ओळ त्याला दिसतच नाही, सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरच दिसते. आकडा शून्य ठेवला तर प्रत्येक लॉगिनला फाईल नव्याने वाचली जाते. शंभर-दोनशे नावांपर्यंत त्याने काही बिघडत नाही. महाविद्यालयाच्या हजारो नावांसाठी मी आकडा ठेवेन आणि रात्री एकदा, बदल असेल तरच, सर्व्हर पुन्हा सुरू करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनाची) ओळ लिहीन. आणि त्या ओळीत आधी ‘फ्रीरेडियस -सीएक्स’ने कॉन्फिगरेशन तपासून घेईन, म्हणजे कुठे काही मोडलेलं असलं तरी चालू असलेला सर्व्हर तरी बंद पडणार नाही.

दुसऱ्या अडचणीचं मूळ मला फ्रीरेडियसमध्ये नाही, एक्सेलमध्ये दिसतंय. ज्या मुलांचं होत नाही त्यांच्या ओळी साध्या संपादकात उघडून पाहा. शून्याने सुरू होणाऱ्या रोल नंबरातलं शून्य उडालेलं असेल. ‘३ई५’सारखा, म्हणजे दोन आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ई असलेला पासवर्ड एक्सेलला संख्या वाटतो आणि तो त्याचं तीन लाख करून मोकळा होतो. ‘मार५’सारखा पासवर्ड त्याला पाच मार्च वाटतो. त्यावर उपाय एकच, की ऑफिसला सांगून यादी भरायला घेण्याआधीच ते रकाने टेक्स्ट प्रकारचे करून घ्यायचे. भरल्यानंतर बदलून गेलेलं परत येत नाही. पासवर्डात अपूर्णविराम असेल तर तो रकाना तिथेच तुटतो, तेव्हा ते चिन्ह मुळातच नको. आणि यादीतल्या अगदी पहिल्याच मुलाचं लॉगिन होत नसेल तर फाईल ‘यूटीएफ-८ बॉम’ म्हणून साठवली आहे का ते पाहा. फायलीच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट येतात आणि पहिल्या नावाला चिकटतात. बिचाऱ्या पहिल्या मुलाला वर्षभर कळत नाही की आपलंच का होत नाही.

फोनच्या बाजूनेही एक गोष्ट होते. कळफलक नाव आपोआप पुरं करताना शेवटी जागा सोडतो आणि पहिलं अक्षर मोठं करतो. फ्रीरेडियसमध्ये नावात मोकळी जागा असली की नाकारणारं धोरण आधीपासून लागू असतं, आणि लहान-मोठं अक्षर तो वेगळं धरतो. डीबगच्या पडद्यावर आलेलं नाव अवतरणचिन्हांत दिसतं, तिथे ही जागा लगेच नजरेत भरते.

तिसरी अडचण बऱ्याच जणांना छळते, आणि तिचं उत्तर फायलीत नाही. व्हीलॅनसाठी तीन गोष्टी परत पाठवाव्या लागतात: टनेल-टाइप म्हणजे व्हीलॅन, टनेल-मीडियम-टाइप म्हणजे आयईईई-८०२, आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीमध्ये व्हीलॅनचा क्रमांक. तुम्ही त्या बरोबर लिहिल्या आहेत असं पत्रासोबतच्या कागदावरून दिसतं. पण पीपमध्ये ओळख आतल्या बोगद्यात पटते. त्यासाठी ‘इनर-टनेल’ नावाची वेगळी साइट असते, आणि आत मिळालेलं उत्तर आपोआप बाहेर येत नाही. इनर-टनेलच्या फायलीत पोस्ट-ऑथ विभागात ‘इफ’ आणि कंसात शून्य असा एक तुकडा आहे. वरच्या टिपणीतच लिहिलंय की शून्याचा एक करा. तो केला की आतली उत्तरं बाहेरच्या सत्रात उतरवली जातात आणि ॲक्सेस पॉइंटपर्यंत पोहोचतात. पासडब्ल्यूडी मॉड्यूलचं नावही इनर-टनेलच्या ऑथराइज विभागात ‘पॅप’च्या वरती घातलं आहे ना, हे जाता जाता पाहून घ्या. फक्त ‘डिफॉल्ट’ साइटमध्ये घालून चालत नाही.

प्रश्न: पासवर्ड मराठीत, देवनागरीत ठेवता येईल का? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी अक्षरं टंकायला त्रास होतो. – एक वाचक, विलेपार्ले

तांत्रिकदृष्ट्या येतो. मनापासून वाटतं की यायला हवा. पॅपमध्ये पासवर्डाला १२८ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, तरी चाळीसेक चिन्हं मावतात. तेवढी पुष्कळ झाली.

अडचण येते ती वेगवेगळ्या कळफलकांची. सर्व्हर अक्षरं पाहत नाही, बाइट पाहतो. ‘दऱ्या’मधला ऱ एका कळफलकावर एकाच चिन्हाने उमटतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता मिळून, तिसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲ’चंही तसंच: एखादा कळफलक त्याचं स्वतंत्र चिन्ह देतो, एखादा अ वर चंद्र ठेवून देतो. डोळ्यांना सगळं सारखं, सर्व्हरला वेगळं, आणि आजोबांना वाटतं आपणच चुकतोय. देवनागरी आकडे आणि रोमन आकडेही सर्व्हरला वेगळेच.

म्हणून माझा सल्ला असा: देवनागरी पासवर्ड द्यायचाच असेल तर ज्यांना लिहायची एकच रीत आहे अशा अक्षरांतूनच द्या. ‘कमळबागनदीपतंग’ चालेल. ऱ, ॲ, ऑ, नुक्त्याची अक्षरं आणि आकडे टाळा. शब्द मात्र चिठ्ठ्या टाकून निवडा, ओळखीची म्हण किंवा अभंगाची ओळ नको, कारण ती दुसऱ्यालाही येते. आणि फाईल बॉमशिवाय यूटीएफ-८मध्ये साठवा. आधी संघातल्या दोन वेगवेगळ्या फोनांवर टंकून पाहा, मगच सगळ्यांना वाटा.

प्रश्न: मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२४ मध्ये रेडियसमध्ये मोठी फट सापडली असं वाचलं, ब्लास्ट-रेडियस. मग इतकं जुनं आणि एमडी-फाइव्ह या जुन्या हॅश पद्धतीवर चालणारं काही आपण अजून का वापरतो? आमच्या प्रकल्पासाठी फ्रीरेडियस घ्यावा की नको? – एक विद्यार्थिनी, भांडुप

घे. नि:शंक घे. त्यातून ओळख पटवणं म्हणजे काय हे तुला जितकं उघड्यावर दिसेल तितकं दुसरीकडे क्वचित दिसेल.

जुनं आहे हे खरं. लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस या कंपनीने १९९१ मध्ये ते घडवलं, आणि आज आपण पाळतो ती व्याख्या, आरएफसी २८६५, जून २००० ची आहे. ‘रिमोट ऑथेंटिकेशन डायल-इन यूजर सर्व्हिस’ या पूर्ण नावातला ‘डायल-इन’ हा शब्द तुला विचित्र वाटत असेल. मला वाटत नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मी प्रभादेवीच्या एका मशीनरूममध्ये रात्रपाळी करत होते. भिंतभर मोडेम, फोन आला की दिवा लागायचा, आणि दर फोनमागे रेडियसला एक प्रश्न जायचा: हा आपला ग्राहक आहे का? ग्राहकांची यादी एका साध्या फायलीतच होती. प्रश्न विचारायची रीत तीच राहिली, मोडेमच्या जागी ॲक्सेस पॉइंट आला. आज एका विद्यापीठातला विद्यार्थी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाऊन एज्युरोम या विद्यापीठांच्या सामायिक वाय-फायवर लॉगिन करतो तेव्हाही एक रेडियस सर्व्हर दुसऱ्या रेडियस सर्व्हरला हेच विचारत असतो.

आता ती फट. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या हल्ल्यात, सर्व्हर आणि ॲक्सेस पॉइंट किंवा स्विच यांच्या मध्ये बसलेला माणूस एमडी-फाइव्हच्या टकरीचा (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश) वापर करून सर्व्हरच्या ‘नाही’चं ‘हो’ करू शकतो. हे गंभीर आहे. पण ते ज्या संदेशांत मेसेज-ऑथेंटिकेटर नावाची मोहोर नसते त्यांच्याच बाबतीत जमतं. पीप, टीटीएलएस, म्हणजे ईएपी घराण्यातल्या सगळ्या पद्धतींत ती मोहोर सक्तीची आहे, म्हणून वाय-फाय एंटरप्राइझ, म्हणजे प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड देणारं वाय-फाय, त्यातून वाचलं. धोका आहे तो साध्या पॅपला: स्विचवर प्रशासकाचं लॉगिन, व्हीपीएन, काही ठिकाणची हॉटस्पॉटची पानं. प्रकल्पात फ्रीरेडियसची ३.२.५ किंवा त्यापुढची आवृत्ती घे आणि क्लायंट्सच्या फायलीत (सर्व्हरला विचारू शकणाऱ्या उपकरणांची यादी) प्रत्येक उपकरणासाठी मेसेज-ऑथेंटिकेटर सक्तीचा कर.

क्लायंट्सच्याच फायलीत आणखी एक पाहून ठेव. ‘टेस्टिंग१२३’ हे सीक्रेट तिथे चाचणीसाठी दिलेलं असतं. ते जगभर सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला लांब आणि वेगळं सीक्रेट दे. ते दोन्ही बाजूंना जुळलं नाही तर ईएपीमध्ये सर्व्हर नकारसुद्धा पाठवत नाही, संदेश टाकून देतो आणि गप्प बसतो. फोन नुसता फिरत राहतो. असं झालं की पासवर्डाच्या फायलीकडे जाऊच नकोस, आधी सीक्रेट, आणि मग यूडीपी १८१२ हे दार फायरवॉलमध्ये उघडं आहे का, एवढंच बघ.

प्रश्न: परळला आमचं छोटं रुग्णालय आहे. कर्मचाऱ्यांच्या वाय-फायसाठी पासवर्डांची फाईल बनवली, सगळं नीट चालतं. आता ती सांभाळायची कशी? बॅकअप कुठे ठेवू? – व्यवस्थापक, परळ

चालायला लागल्यानंतर हा प्रश्न विचारणारे तुम्ही या वेळचे एकटेच आहात, आणि तो सगळ्यांनी विचारायला हवा.

फायलीचा मालक रूट आणि गट फ्रीरेडियसचा असू द्या. उबुंटूवर त्या गटाचं नाव फ्रीरॅड. परवानगी ६४०: मालक लिहील, सर्व्हर वाचेल, बाकी कुणी नाही. ती फाईल इतरांना उघडी राहिली असेल तर आजच बंद करा. त्या यंत्रावर दुसरी कामं ठेवू नका. बिलिंगचा प्रोग्राम, सीसीटीव्हीचं सॉफ्टवेअर, काहीच नाही. प्रत्येक जादा प्रोग्राम म्हणजे त्या फायलीजवळ जायचा आणखी एक रस्ता.

बॅकअप सांकेतिक करून ठेवा, जीपीजी या साधनाने करा, आणि किल्ली त्याच यंत्रावर नको. संपादकाने मागे सोडलेल्या प्रती शोधून काढा; कित्येक संपादक जुन्या फायलीच्या नावापुढे एक नागमोडी चिन्ह लावून ती तिथेच ठेवतात. कॉन्फिगरेशन गिटमध्ये (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवत असाल तर पासवर्डाची फाईल त्यातून वगळा. एकदा आत गेलेली फाईल नंतर पुसली तरी जुन्या नोंदींत राहते.

आणि डीबगच्या पडद्याविषयी. मीच वर सांगितलं की तो वाचा, पण त्यावर पॅपचे पासवर्ड जसेच्या तसे छापले जातात. त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर मदत मागणारे मी पाहिले आहेत, आणि त्यात एकदा एका मोठ्या डॉक्टरांचा पासवर्ड स्पष्ट वाचता येत होता. मदत मागायची असेल तर चाचणीसाठी एक खोटं खातं बनवा, त्यानेच लॉगिन करा आणि तेवढाच भाग पाठवा. रेडियसडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये लॉगच्या भागात ‘ऑथ-बॅडपास’ आणि ‘ऑथ-गुडपास’ अशा दोन ओळी आहेत. दोन्ही ‘नो’च असू द्या. चुकीचा पासवर्ड नोंदवायला काय हरकत, असं वाटतं. पण चुकीचा म्हणजे बहुधा त्याच माणसाचा दुसऱ्या कुठल्या खात्याचा बरोबर पासवर्ड असतो.

कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याची ओळ त्याच दिवशी काढायची. हे काम कुणा एकाच्या नावावर लिहून ठेवा, शक्यतो हिशेब करणाऱ्याच्या, कारण शेवटचा पगार काढताना त्याला हे नक्की कळतं. ओळ काढल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करा, आणि त्या नावाने रॅडटेस्ट चालवून ॲक्सेस-रिजेक्ट येतंय ते पाहा.